पुण्यात गाणे कुठे ऐकावे?

पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींना पहिल्या महिन्याभरातच पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. कुठल्या खाणावळीत पोळी गरम मिळते, जुनी पुस्तके कुठे विकतात, कुठले दुकान दुपारी हमखास बंद असते, हे कोणी शिकवावे लागत नाही. एक गोष्ट मात्र तीन वर्षे काढूनही अनेकांना कळत नाही. ती म्हणजे, या गावात गाणे कुठे ऐकावे. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : "डिसेंबरात सवाईला जा." उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि सवाईचे पाच. उरलेल्या तीनशे साठ दिवसांचे काय, या प्रश्नासाठी हा लेख.

कार्यक्रमाला जाताना आपण गायक कोण ते पाहतो, साथीला कोण ते पाहतो, तिकीट केवढ्याचे ते तर पाहतोच. जागा कुठली, याचा विचार फक्त बसने जाण्यापुरता करतो. वास्तविक निम्मे गाणे गायकाच्या गळ्यात असते आणि निम्मे त्या जागेत. हे विधान अतिशयोक्त वाटेल, म्हणून थोडे शास्त्र सांगतो.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बंद जागेत तो भिंतींवर आणि छतावर आदळून परत येतो, आणि मूळ स्वर थांबल्यावरही क्षणभर रेंगाळतो. यालाच आपण 'घुमणे' म्हणतो. दगडी गाभाऱ्यात स्वर फार घुमतो. तिथे संथ आलाप गोड लागतो. पण द्रुत तान घेतली, तर पहिला स्वर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि सगळ्यांचा काला होतो. याउलट सतरंज्या, पडदे आणि माणसे आवाज पितात. रिकाम्या सभागृहात दुपारी साधलेला आवाज संध्याकाळी प्रेक्षक बसल्यावर बदलतो, तो याचमुळे. उघड्या मैदानात तर भिंतच नाही. तिथे जे ऐकू येते ते ध्वनिक्षेपकाच्या कृपेने.

तंबोऱ्याचे उदाहरण घ्या. तारेखाली घोडीवर रेशमाचा किंवा सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, त्यामुळे एका तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही उमटू लागतात. नीट लागलेल्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, असे जाणकार सांगतात ते काही गूढ नव्हे. पाच-सहा हातांवर बसलात तर तो तुम्हालाही ऐकू येईल. मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत मात्र तंबोरा म्हणजे नुसती एक गुणगुण उरते. मग गायक ज्या गंधाराला टेकून गातो, तो आपल्याला ऐकूच येत नाही, आणि आपण म्हणतो, "शास्त्रीय संगीत काही कळत नाही बुवा!"

आता गावात फिरायला हरकत नाही. प्रथम पेठांतल्या लहान जागा. त्यांचे महत्त्व कळायला थोडा इतिहास हवा. गेल्याच्या मागच्या शतकात गाणे होई ते दरबारात, सरदारांच्या वाड्यांत, सावकारांच्या दिवाणखान्यात. ज्याला आमंत्रण तोच श्रोता. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला आणि गाणे ही चारचौघांनी एकत्र येऊन जोपासण्याची गोष्ट आहे, हा विचार इथे रुजू लागला. १९११ साली भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे बुवांचेच शिष्य. 'स्वयंवर' नाटकाच्या (१९१६) चालीही बुवांच्याच. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले होते. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये त्याच नावाचे विद्यालय पुण्यात सुरू केले. या दोन्ही संस्था आजही गाणे शिकवतात.

अशा संस्थांच्या वर्गात गुरुपौर्णिमेला, संस्थापकांच्या पुण्यतिथीला किंवा एखाद्या रविवारी सकाळी बैठक होते. जमिनीवर सतरंजी, भिंतीवर गुरुजनांच्या तसबिरी, समोर पन्नास-साठ माणसे. त्यांतली निम्मी स्वतः गाणे शिकणारी किंवा शिकवणारी. बहुधा प्रवेशमूल्य नसते. गाणारा कधी नावाजलेला असतो, अधिक वेळा पंचविशीतला, अजून नाव न झालेला. पण तो श्रोत्यांचे चेहरे पाहू शकतो. एखादी जागा चांगली लागली की समोरून 'वा' येते आणि तीच जागा तो फिरवून पुन्हा घेतो. ही देवघेव ज्याने एकदा पाहिली, त्याला 'मैफल' या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

टिळक रस्त्यावर हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे. 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकातून गाजलेल्या गायिका-अभिनेत्रीचे नाव त्याला दिले आहे. आटोपशीर जागा असल्याने शेवटच्या ओळीतही गायकाचा चेहरा दिसतो. सदाशिव पेठेतले नारद मंदिर तर गाणे ऐकणाऱ्यांच्या यादीत सहसा नसतेच. ते हरिकीर्तनोत्तेजक सभेचे; तिथे कीर्तन होते. पण नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचे पद, उत्तररंगातल्या साक्या-दिंड्या, पेटी, तबला आणि झांज, हे सगळे संगीतच आहे. शब्द न मोडता सूर कसा लावावा, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन ऐकण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार नाट्यगृहांचा. त्यांत अग्रपूजेचा मान बालगंधर्व रंगमंदिराचा. १९६२ साली त्याचे भूमिपूजन खुद्द नारायणराव बालगंधर्वांच्या हस्ते झाले. १९६८ च्या जूनमध्ये ते उघडले तेव्हा मात्र नारायणराव हयात नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. टिळक स्मारक मंदिर, भरत नाट्य मंदिर, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह ही त्याच जातीची ठिकाणे. नाट्यगृह बांधतात ते संवादासाठी. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जावा, म्हणून तिथे आवाज फार घुमू देत नाहीत. नाट्यसंगीताला ही जागा उत्तम, कारण पदातला शब्द महत्त्वाचा. ख्यालाला ती थोडी कोरडी पडते, आणि गायकाला स्वतःचा सूर ऐकायला समोर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकावर विसंबावे लागते. अशा ठिकाणी पहिल्या तीन रांगांचा हट्ट धरू नये. मध्यभागी, सहाव्या ते दहाव्या रांगेत बसावे. तिथे दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो. बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथे नवे संकुल उभारण्याची चर्चा गेल्या काही वर्षांत बरीच रंगली. पुढे काय व्हायचे ते होवो. विद्यार्थ्यांनी त्या रंगमंदिरात एकदा तरी संगीत नाटक पाहून घ्यावे.

तिसरा प्रकार मांडवाचा, म्हणजेच सवाईचा. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून भीमसेन जोशी यांनी हा उत्सव उभा केला आणि जन्मभर वाहिला. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचे नावही उत्सवाला जोडले गेले. रेणुका स्वरूप शाळेचे पटांगण, मग अनेक वर्षे रमणबाग, आणि २०१८ पासून मुकुंदनगर असा त्याचा प्रवास झाला. करोनामुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी उत्सव झाला नाही. २०२२ च्या डिसेंबरात तो पुन्हा भरला. मांडवात भारतीय बैठकीची सोय असते, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तीच झेपते. जाताना शाल न्यावी.

मांडवात कान काय गमावतो आणि काय मिळवतो, हेही पाहावे. व्यासपीठापासून ६८ मीटरवर बसलात तर तबल्याचा बोल थेट हवेतून तुमच्यापर्यंत यायला पंचमांश सेकंद लागतो. द्रुत लयीत तेवढ्यात दुसरा बोल वाजूनही जातो. मधल्या कर्ण्यांवर आणि ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांवर सारी भिस्त. बारीक मुरकी, तंबोऱ्याचा गंधार इथे हाती लागणे कठीण. पण हजारो माणसे एकाच समेवर मान हलवतात, तो अनुभव खोलीत मिळत नाही. सवाईला जावे ते यासाठी. एका बैठकीत तीन-चार घराणी कानांवरून जातात, आणि कोणाचे गाणे पुढे लहान जागेत जाऊन ऐकायचे हे तिथे ठरवता येते.

आता थोडी गंभीर गोष्ट. पूर्वी सवाई रात्रभर चाले. आजच्या विद्यार्थ्यांना ते फक्त आजी-आजोबांकडून ऐकायला मिळते. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नियम योग्यच आहे. रुग्ण, म्हातारी माणसे आणि दुसऱ्या दिवशी पेपर असलेली मुले यांनाही झोपेचा हक्क आहे. पण आपल्या संगीतात रागांना वेळ असते. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग, ललित पहाटेचा. उत्सव दुपारी सुरू होऊन दहाला संपू लागला, तसे मुलतानी, पूरियाधनाश्री यांना दिवस बरे आले आणि रात्रीच्या खोल प्रहराचे राग मांडवातून जवळजवळ हद्दपार झाले. दिवाळी पहाटेसारख्या कार्यक्रमांनी सकाळच्या रागांना थोडा आसरा दिला; मध्यरात्रीच्या रागांना तोही नाही.

इथेच लहान जागेची खरी किंमत कळते. हाच नियम बंद सभागृहातल्या, आवाज बाहेर न जाणाऱ्या कार्यक्रमाला सूट देतो. चाळीस माणसांच्या खोलीत तर ध्वनिक्षेपक लागतच नाही. म्हणजे रात्री बाराचा दरबारी रात्री बारालाच ऐकायचा असेल, तर त्याला आता लहान जागेतच थारा आहे. त्या जागा बंद पडल्या, तर ती वेळही गाण्यातून जाईल.

आतापर्यंतची यादी बहुतेक पेठांच्या पश्चिमेकडची झाली. गाव एवढेच नाही. आर्यभूषण हे तमाशा थिएटर पुण्याचेच. तिथल्या संगीतबारीत ढोलकी, पेटी आणि घुंगरू यांच्या संगतीने लावणी होते. लावणी म्हणजे केवळ शिट्ट्या-फेटे, असे ज्यांना वाटते त्यांनी बैठकीची लावणी ऐकावी. एकाच ओळीवर अदा करीत, दर वेळी तिचा निराळा अर्थ काढीत गाणारी स्त्री आणि ठुमरी गाणारी स्त्री यांच्यात कलेचे अंतर फार नाही. अंतर आहे ते आपल्या डोक्यात. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर त्यांचे सारे आयुष्य याच कलेत गेले होते. कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीत होते. पियानो, व्हायोलिन यांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय कसा भरतो, हे तिथे कळते. आणि रॉक, पॉप आवडणाऱ्यांनी नाराज होऊ नये : 'एनएच७ वीकेंडर' हा महोत्सव २०१० साली सुरू झाला तो पुण्यातच.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. वृत्तपत्रातले 'आजचे कार्यक्रम' हे सदर रोज पाहावे. संस्थेच्या दारावरचा फळा त्याहून खात्रीचा. वेळेआधी पंधरा मिनिटे पोचावे, आणि उशीर झालाच तर राग संपेपर्यंत दाराशी थांबावे. मोबाईल बंद करून खिशात ठेवावा. चित्रफीत घेणाऱ्याच्या हाती चित्रफीतच लागते. आणि पहिल्याच रागानंतर फर्माईश करू नये. विलंबित ख्याल कंटाळवाणा वाटला, तर समेकडे लक्ष ठेवावे. ती कधी येणार याचा अंदाज बांधू लागलात की कंटाळा जातो.

शेवटी एक विनंती, विद्यार्थी मित्रांना आणि प्राध्यापकवर्गालाही. लहान जागा देणग्यांवर चालतात, हे खरे. पण देणगीपेक्षा त्यांना माणसे हवी असतात. वीस माणसांपुढे गाणारा तरुण गायक चाळीस माणसे आली तर निराळा गातो. आपल्या महाविद्यालयातही शनिवारी दुपारनंतर रिकामे पडणारे वर्ग आहेत. बाके भिंतीला लावली, दोन सतरंज्या अंथरल्या आणि तंबोऱ्यांची एक जोडी आणली, तर महिन्यातून एक बैठक सहज होईल. ध्वनिक्षेपक नको, हार नकोत, प्रास्ताविक तर मुळीच नको. गावात गाणे शिकणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांना ऐकणारे कोणी हवे आहे. येत्या जूनमध्ये नवे सत्र सुरू होईल तेव्हा सूचनाफलकावर अशा एका बैठकीची चिठ्ठी लागलेली असावी.