नऊ लाख किलोंसाठी एक ग्रॅम: कार्यपद्धती कशी लिहावी

मका निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या की मोताळ्याच्या शिवारातली कोरडवाहू वावरं पावसाळ्यापर्यंत मोकळी असतात. माती परीक्षणाचा नमुना घ्यायचा तो याच दिवसांत. एका एकराच्या वरच्या सहा-सात इंच थरात ढोबळमानाने ९ लाख किलो माती असते. त्यातली अर्धा किलो पिशवीत जाते आणि प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब मोजायला त्या अर्ध्या किलोतली फक्त १ ग्रॅम लागते. पुढच्या हंगामात खत किती द्यायचं, याचा सल्ला अशा चिमूटभर मातीवर उभा असतो.

वावरापासून अहवालापर्यंत ही माती अनेक हातांतून जाते. कुणी खणतो, कुणी वाळवतो, कुणी चाळतो, कुणी मोजतो. प्रत्येकाने आपापल्या सवयीने केलं, तर शेवटी हाती येणारा आकडा मातीबद्दल कमी आणि माणसांच्या सवयींबद्दल जास्त सांगतो. म्हणून कार्यपद्धती लिहून ठेवायची. कार्यालयांत तिलाच एसओपी म्हणतात. लिहिणारा जवळ नसताना, पहिल्यांदा काम करणाऱ्याच्या हातूनही काम तसंच झालं, तर ती चांगली लिहिली आहे असं समजावं.

आधी वावरात जा

टेबलाशी बसून लिहिलं की असं वाक्य तयार होतं: ‘शेतातून प्रातिनिधिक नमुना घ्यावा.’ ते खोटं नाही, पण खुरपं हातात धरलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. किती ठिकाणची माती? किती खोल? म्हणून जो हे काम नेहमी करतो त्याच्यासोबत उभं राहावं आणि तो करतो ते क्रमाने टिपावं. त्याने एखादी जागा न बोलता ओलांडली, तर विचारावं, ‘दादा, इथली का नाही घेतली?’ ‘इथं बैल बांधतो ना आम्ही,’ हे उत्तर त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. नवख्याला ते ठाऊक नसतं, म्हणून ते कागदावर यायला हवं.

असं टिपल्यावर त्याच वाक्याची पुढीलप्रमाणे कार्यपद्धती होते.

*कपाशी, सोयाबीन, मका यांसाठी मातीचा नमुना*

साहित्य: लाकडी खुरपं, प्लास्टिकची बादली, स्वच्छ कापड, कापडी पिशवी, पेन, चिठ्ठ्या.

१. रासायनिक खत देऊन २ महिने झाले नसतील, तर नमुना घेऊ नका.
२. जमिनीचा रंग किंवा उतार बदलत असेल, तर प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्या.
३. धुरा, विहीर, झाडाची सावली, उकिरडा आणि जनावरं बांधण्याची जागा सोडा.
४. नागमोडी चालत ८ ते १० जागा निवडा. तिथला काडीकचरा बाजूला करा.
५. प्रत्येक जागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करा. आतली माती काढून टाका. खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून बादलीत घ्या.
६. सगळी माती कापडावर मिसळा. ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा.
७. सावलीत वाळवून पिशवीत भरा. गावाचं नाव, गट क्रमांक, आधीचं पीक, पुढचं पीक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाका.

इथे एका पायरीत एकच टप्पा आहे. क्रियापदं थेट आहेत. ‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द कुठेही नाहीत, त्यांच्या जागी माप आहे.

कारण कुठे द्यावं

प्रत्येक पायरीला कारण जोडलं की कागद लांबतो आणि कुणी वाचत नाही. मात्र जिथे माणूस वाट सोडण्याची शक्यता असते, तिथे एक ओळ हवीच. लोखंडी टिकास घरात असताना लाकडी खुरपं कोण शोधेल? पण त्याच मातीतलं लोह आणि जस्त तपासायचं असेल, तर अवजाराचा अंश मातीत मिसळून आकडा बिघडू शकतो. हे एकदा वाचलं की माणूस खुरपं शोधतो.

प्रयोगशाळेतली पायरी

सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत १ ग्रॅम मातीत १० मिलिलिटर पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण आणि २० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून अर्धा तास ठेवतात. आम्ल घातल्यावर चंबू तापतो. हातमोजे आणि चष्म्याची सूचना म्हणूनच आम्लाच्या पायरीआधी हवी. पानाच्या तळाशी लिहिलेली सूचना हात भाजल्यावर वाचली जाते.

पायरी पूर्ण झाली हे कशावरून ओळखायचं, तेही लिहायचं. शेवटच्या अनुमापनात, म्हणजे उरलेलं डायक्रोमेट थेंबाथेंबाने मोजताना, रंग जांभळट निळ्यावरून हिरवा झाला की थांबायचं. आणि बिनसलं तर? अनुमापनाआधीच द्रावण हिरवं दिसलं, तर डायक्रोमेट पुरलेलं नाही. कमी माती घेऊन पुन्हा सुरुवात करायची. ही ओळ नसेल, तर नवखा माणूस त्या हिरव्या रंगालाच शेवट समजेल.

मसुद्याची परीक्षा

यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी ज्यांच्या घराण्याचं नातं आहे, ते अमेरिकेतले शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी यादीचं काम पाहत होते. पहिला मसुदा त्यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियागृहात वापरला, तेव्हा तो लांबलचक आणि संदिग्ध निघाला. पुढे काटछाट होऊन १९ मुद्द्यांची यादी तयार झाली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपणही तेच करावं. नवख्याच्या हाती कागद द्यावा आणि गप्प उभं राहावं. तो जिथे अडेल, आपल्याकडे पाहील किंवा चुकेल, तिथे दुरुस्ती कागदात करावी. मग कागदावर आवृत्ती क्रमांक, तारीख आणि जबाबदार व्यक्तीची सही घालावी. जुनी प्रत भिंतीवरून काढून टाकावी, कारण दोन प्रती लटकत असतील तर दोन पद्धती चालू राहतात. वर्षातून एकदा पुन्हा वाचावं.

सुरुवात करायला ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी पुरे. १,००० लिटरला ३३ टक्के क्लोरीन असलेली ५ ग्रॅम टीसीएल पावडर, अर्धा तास थांबणं, मग नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे पाहणारी ओटी चाचणी: रंग पिवळा आला तर नोंदवहीत सही, नाही आला तर काय करायचं त्याची पुढची ओळ. हा एक कागद टाकीपाशी नीट लिहून लावला, तर जलसुरक्षक लग्नाला बाहेरगावी गेला त्या दिवशीही गावाला शुद्ध पाणी मिळेल.