पहिले पुस्तक

पुस्तक म्हटले की पुष्कळ मुलांना परीक्षाच आठवते. अशा मुलाच्या हाती भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'चा एखादा भाग द्यावा. फुरसुंगीचा हा बनेश फेणे अंगाने अगदी किरकोळ; जवळ शस्त्र नाही, असते ती सायकल आणि अनावर कुतूहल. त्या कुतूहलापायीच तो संकटात सापडतो व त्याच्याच बळावर सुटतो. पुढे काय झाले हे कळेपर्यंत वाचणाऱ्याला जेवणाची हाकही ऐकू येत नाही! ज्याला धावपळीपेक्षा घरगुती गमती रुचतात, त्याने ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' उघडावा. ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही भागवतांनी मराठीत आणल्या आहेत. त्या जरा मागाहून वाचाव्यात. आणि पहिली दहा पाने कंटाळवाणी वाटली, तर ते पुस्तक खुशाल मिटावे व कपाटातले दुसरे काढावे.