नातेवाइकांना काय सांगायचं?

वजन घटवण्याचं ऑपरेशन करून घेतलेली बरीच माणसं चारचौघांत ते कबूल करत नाहीत. ‘पित्ताशयात खडे होते’, ‘हर्निया होता’ असं काहीबाही सांगून वेळ मारून नेतात. कारण उघड आहे. ‘जरा तोंड आवरलं असतं तर पोट कापून घ्यायची वेळ आली नसती’ हा शेरा कोण ऐकून घेणार? पण ही लपवाछपवी महागात पडते, तीही ऑपरेशनच्या आधीपासून.

मुळात हे ऑपरेशन बांधा सुडौल करण्यासाठी नाही. चरबी शोषून काढणारं लायपोसक्शन वेगळं. इथे शस्त्र चालतं ते जठरावर. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग दुर्बिणीतून कापून काढतात आणि मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं. त्यामुळे जागा कमी होतेच, शिवाय निदान काही काळ भूकही मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. विम्याचे पैसे हवेत तर बीएमआय साधारण ४० असावा लागतो, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं असा गंभीर आजार. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ४० म्हणजे सुमारे १०२ किलो. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून डॉक्टर याहून कमी बीएमआयलाही ऑपरेशन सुचवतात. तिथे विमा कंपनी मात्र हात वर करू शकते.

तारीख ठरली की तपासण्या सुरू होतात. रक्त, सोनोग्राफी, बऱ्याचदा एंडोस्कोपी, घोरणाऱ्यांची झोपेची तपासणी, मानसतज्ज्ञांशी बोलणं. शाकाहारी घरांत बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आधीच तळाला गेलेलं असतं, ते भरून काढावं लागतं. शेवटचे दोनेक आठवडे कमी उष्मांकाचा, भरपूर प्रथिनांचा आहार असतो. तो शिक्षा म्हणून नसतो. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर पसरलेलं असतं, ते थोडं आकसलं की सर्जनला वाट मोकळी मिळते. या दिवसांत ‘आता काय, नंतर खाता येणार नाही’ म्हणून घरचे मटणाचा बेत करतात, ते प्रेम इथे नडतं. आणि तंबाखू. पुरुष सिगारेट कबूल करतात, पण बायका मशेरीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. निकोटिनमुळे जखम भरायला वेळ लागतो, बायपासच्या जोडावर अल्सर होतो. डॉक्टरांना हे ठाऊक नसलं तर ते कशाकशावर लक्ष ठेवणार?

ऑपरेशन दीड-दोन तासांचं. पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा त्याच दिवशी उठवून चालवतात, तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करायला लावतात. दोन-तीन दिवसांत घरी. पहिल्या दिवसांत ताप, छातीत धडधड, वाढत जाणारी पोटदुखी यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. टाक्यांच्या रेषेतून गळती होत असेल, तर तिची खूण बऱ्याचदा नाडीच्या वेगातच दिसते.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. आधी नुसती पातळ पेयं, मग ताक, दूध, गाळलेलं वरण, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मऊ घोटलेलं अन्न, आणि नेहमीचं जेवण दीड-दोन महिन्यांनी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि पोटात मावतं जेमतेम अर्धी वाटी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, साबुदाण्यात जवळजवळ शून्य. तेव्हा खिचडी खाऊन केलेल्या एकादश्या या माणसाला परवडत नाहीत. आधी पनीर, अंडं, उसळ, मासा, मग जागा उरली तर भाकरीचा तुकडा. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट-घोट. बायपासनंतर जिलबी किंवा श्रीखंड घाईने पोटात गेलं की धडधड, घाम, मुरडा, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात.

आता लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या मावशींना हे कुठे माहीत असतं? त्यांच्या लेखी पित्ताशय काढून चार महिने उलटले. ‘एवढंसं काय खातेस, माझ्यासाठी एक जिलबी!’ त्यांचा काही दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

मावशींचं एक वेळ निभावेल, फॅमिली डॉक्टरचं निभत नाही. गुडघा दुखला म्हणून त्यांनी दिलेली साधी वेदनाशामक गोळी बायपास झालेल्याला अल्सर करू शकते. पीसीओडी असलेल्या मुलीची पाळी वजन उतरताच नियमित होते आणि दिवसही लवकर राहू शकतात. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. तीन ते सहा महिन्यांत केस गळू लागतात. ते बहुतेकदा परत येतात, पण तोवर घरात ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावून घे’ सुरू होतं.

या सलाईनची गोष्ट मात्र गंभीर आहे. सतत उलट्या होत असतील तर शरीरातलं बी-१ काही आठवड्यांत संपू शकतं. अशा वेळी बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोल जातो, दोन-दोन दिसतं, स्मरणशक्ती जाते. समोरच्या डॉक्टरला पित्ताशयाचीच कथा सांगितलेली असेल तर त्याला हे सुचणार कसं? ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेलं कार्ड पाकिटात असावं, आणि ते पाकिटात आहे हे घरातल्या आणखी कुणाला तरी ठाऊक असावं.