आठ अक्षरांचं कुलूप

भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर डेस्कटॉप हवा म्हणून टायगरव्हीएनसी बसवलं, चांगला लांबलचक पासवर्ड ठेवला, घरच्या लॅपटॉपवर पडदा उमटला. झालं काम, असं इथे अनेकांना वाटतं. या समजुतीतला पहिला घोळ त्या लांबलचक पासवर्डातच आहे.

व्हीएनसीची मूळ पासवर्ड-पद्धत पहिली आठच अक्षरं विचारात घेते. रोमन लिपीत ‘सिंहगड’ (Sinhagad) लिहून पुढे 1670 जोडलंत, तर ‘सिंहगड’ची आठ अक्षरं मोजली जातात आणि 1670 हा आकडा सर्व्हरच्या हिशेबात येतच नाही. शिवाय या पद्धतीत पासवर्डाची तपासणी संपल्यावर पडद्यावरचं चित्र आणि तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ उघडपणेच प्रवास करते. म्हणजे आत गेल्यावर बँकेचा पासवर्ड टाईप केला, तर वाटेवर बसलेल्याला तो वाचता येतो. टायगरव्हीएनसीत सांकेतिकीकरणाची सोय आहे. पण दोन्ही टोकांनी ती वापरली तरच तिचा उपयोग.

‘लिनक्स आहे, म्हणजे सुरक्षितच’ हा गैरसमज याहून जुना. बरोबर पासवर्ड देऊन कोणी आत आलं, की यंत्राच्या लेखी तोच मालक. व्हीएनसीऐवजी एक्सआरडीपी ही दुसरी डेस्कटॉप-सेवा वापरली, तर तिथे बहुधा तुमच्या लिनक्स खात्याचाच पासवर्ड चालतो, त्यामुळे तो फुटला की डेस्कटॉपसोबत खातंही गेलं.

मग कोणी पोर्ट बदलतं. एक्सआरडीपीच्या 3389 किंवा व्हीएनसीच्या 5901 ऐवजी भलताच आकडा दिला की आपण दिसेनासे होतो, अशी समजूत असते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये झेडमॅप नावाचं साधन आणलं. चांगली जोडणी असेल तर जवळपास सगळ्या आयपीव्ही4 पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का, हे ते पाऊण तासाच्या आत पाहतं. पोर्ट बदलल्याने लॉगमधली गर्दी कमी होते, तेवढा फायदा जरूर घ्यावा. पण त्याला कुलूप समजू नये.

माझं मत स्पष्ट आहे: डेस्कटॉपचं पोर्ट इंटरनेटकडे उघडूच नये. वाड्याचा मोठा दरवाजा बंद ठेवून दिंडीतून ये-जा करतात, तसं एसएसएचमधूनच आत जावं. फिनलंडमध्ये तातु इलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच लिहिलं, ते विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. आपल्या लॅपटॉपवरचं 5901 आणि सर्व्हरवरचं 5901 एसएसएचच्या बोगद्याने जोडायचं. व्हीएनसीला फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे सर्व्हरच्या आतल्याच पत्त्यावर, ऐकायला सांगायचं. बाहेरून दिसतं ते एसएसएचचं 22 नंबरचं पोर्ट. माणसं बरीच असतील तर वायरगार्डसारखं व्हीपीएन सोयीचं पडतं. 2020 पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे.

आता एसएसएचलाही पासवर्डावर ठेवू नका. किल्ल्यांची जोडी तयार करा, खाजगी किल्लीला पासफ्रेज द्या, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवा, मग पासवर्डाने आणि रूट म्हणून थेट लॉगिन बंद करा. हे करताना चालू जोडणी तोडू नका. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येतं हे पाहा, मगच पहिली बंद करा. फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी देणंही असंच. ते विसरलं की स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभं राहावं लागतं. आणि पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट विचारला जातो, तेव्हा डोळे झाकून ‘येस’ लिहू नका. सेवादात्याच्या कन्सोलवर तो पाहून जुळवा.

शेवटी सर्व्हरवर ‘एसएस’ हा आदेश चालवून ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढा. 5901 समोर 127.0.0.1, म्हणजे लोकलहोस्ट, असेल तर ठीक. 0.0.0.0 दिसलं तर व्हीएनसी सगळ्या जाळ्यांवर ऐकतंय. सेटिंग दुरुस्त करा, सेवा पुन्हा सुरू करा आणि यादी परत पाहा.