वाशिमला १७ सप्टेंबरला झेंडा का नसतो?

हिंगोली–वाशिम रस्त्यावरचं कनेरगाव नाका म्हणजे मराठवाड्याचं टोक; पुढे विदर्भ. इथे नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला हा प्रश्न कुणीही मूल विचारू शकतं. मामाचं गाव वाशिमकडे असलेलं मूल तर नक्कीच.

उत्तर पाठ्यपुस्तकाबाहेर आहे

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, म्हणून त्या दिवशी इकडे झेंडा लागतो. वाशिम विदर्भातल्या वऱ्हाडात. वऱ्हाडही निजामाचाच मुलूख. पण १८५३च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढे तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे स्वातंत्र्य वाशिमला १९४७ साली मिळालं, कनेरगावला तेरा महिने उशिरा. हे ठाऊक असलेल्या शिक्षकाला इतिहास गावच्या शिवेवर उभं राहून शिकवता येतो. ठाऊक नसलेला ‘तिकडे नसतो’ म्हणून धडा पुढे नेतो, आणि ते पोर पुन्हा काही विचारायला धजत नाही.

गणितात नुसती रीत पुरत नाही

पावणेदोन भागिले अर्धा. उलटा करून गुणलं की साडेतीन येतात. एवढं बहुतेकांना जमतं. आता पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरू. तीन बाटल्या भरून पाव लिटर उरतं. मग उत्तरात पाव न येता अर्धा कसा आला? उरलेलं दूध पाव लिटर असलं तरी ती अर्धी बाटली आहे, आणि आपण मोजतोय बाटल्या. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९च्या पुस्तकात हाच भागाकार मांडला आहे. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी एकालाच त्याला लागू पडणारं उदाहरण रचता आलं. चीनमधल्या बहुतेक शिक्षकांना ते जमलं.

शिक्षकभरतीत हे विषयज्ञान पाहतात का?

शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) विषयांवर प्रश्न असतात, पण ती पात्रतेपुरती. भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरची गुणवत्ता यादी लागते ती अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या २०० गुणांवर: १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. त्यात इतिहास, भूगोल, विज्ञानाचा आशय तपासला जात नाही. मला ही मोठी उणीव वाटते. पहिली ते पाचवीला तर एकच शिक्षक बहुतेक सगळे विषय शिकवतो, आणि अशा अनेक शिक्षकांचा गणिताशी संबंध दहावीतच सुटलेला असतो.

नव्या गुरुजींनी, बाईंनी एवढं करावं

शिकवायच्या इयत्तेच्या पुढची दोन वर्षांची बालभारतीची पुस्तकं वाचावीत. आजचा घटक पुढे कुठे जातो ते कळतं. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत आपल्याला न उमगलेला घटक संकोच न करता मांडावा. आणि वर्गात उत्तर आलं नाही, तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणावं, आणि उद्या खरंच सांगावं.