माळावरचा ससा आणि बंगल्यापुढची हिरवळ

अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदे या तालुक्यांत वैशाखाच्या सुमारास माळावरचे कुसळी गवत वाळून जाते, ओढ्यांचे तळ उघडे पडतात. आणि अशा वेळी एखाद्या हौशी गृहस्थाने गावाबाहेर टुमदार बंगला बांधून त्याच्यापुढे विहिरीच्या पाण्यावर हरळीची हिरवळ जोपासली असेल, तर चहूंकडच्या त्या रुक्ष विस्तारात तेवढीच एक जागा ओली आणि कोवळी उरते. रात्री तिथे ससे येतात हे ओघानेच आले. सशाविरुद्ध फिर्याद मांडण्यापूर्वी त्याला निमंत्रण कोणी धाडले, याची दखल घेतलेली बरी.

आपला रानससा हा युरोपातील बिळे खोदून कळपाने राहणाऱ्या सशाहून निराळा प्राणी आहे. दख्खनच्या पठारावरील सशाच्या मानेवर मागच्या बाजूस काळा पट्टा असतो; तो बीळ खणत नाही, दिवसभर झुडपाच्या किंवा गवताच्या आडोशाला उथळ खळग्यात अंग चोरून बसतो, आणि दिवस मावळल्यावर चरावयास निघतो. 1859 साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर ऑस्ट्रेलियात जे मूठभर इंग्लिश ससे सोडले, त्यांच्या वंशविस्तारापायी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला 1901 ते 1907 या काळात अठराशे किलोमीटरांहून लांब कुंपण घालावे लागले, आणि तरीही ससे पलीकडे गेलेच. तो अनर्थ त्या परदेशी सशाचा. त्याचा दाखला आपल्या सशाला लावणे न्यायाचे नाही.

नुकसान कोणी केले आणि कशाचे झाले, हे आधी पाहावे. शेळी पाला ओरबाडते, त्यामुळे देठाला चिंध्या राहतात. सशाचे दात मात्र रोपाची फांदी चाकूने कापावी तशी तिरकी आणि स्वच्छ छाटतात, आणि जवळपास वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्यांचा सडा आढळतो. हरळीचा म्हणाल तर तिला या चरण्याने फारसा अपाय होत नाही, कारण जमिनीलगत सरपटणाऱ्या तिच्या कांड्यांतून ती पुन्हा फुटते. खरी हानी होते ती नुकत्याच लावलेल्या रोपांची आणि फुलझाडांच्या वाफ्यांची. म्हणून सगळ्या बागेचा बंदोबस्त करण्याआधी रोपांभोवती जाळीची कडी उभी करावीत, असे माझे मत आहे. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते.

भागले नाही, तर कुंपणाची तजवीज करावी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी छिद्रांची तारेची जाळी उत्तम; छिद्र तीन सेंटीमीटरांहून मोठे नसावे, उंची मीटरभर ते सव्वा मीटर असावी, आणि खालचा वीतभर भाग बाहेरच्या बाजूस दुमडून जमिनीवर पसरून त्यावर दगड ठेवावेत, म्हणजे खालून शिरावयास वाव राहत नाही. आपला ससा खणीत नसल्यामुळे जाळी खोल गाडण्याचा खर्च वाचतो. धनगर रात्री मेंढ्या कोंडण्यासाठी सुताची वाघर लावतात, ती येथे उपयोगी नाही. तिचे सूत ससा कुरतडून टाकील. घायपाताची कुंपणे दिसावयास भक्कम खरी, परंतु बुंध्यांमधल्या वाटा सशाला मोकळ्याच असतात. आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे फाटकाखालची फट: शेकडो रुपयांची जाळी लावून तिथे चार बोटे जागा सोडणारे महाभाग पुष्कळ भेटतात.

मिरची-लसणाचे पाणी शिंपडण्याचा इलाज लोक सांगतात. तो पुढल्या सिंचनात धुवून जातो. रात्रभर दिवा लावला, तर काही दिवसांत ससा त्याला सरावतो.

कुत्रा मोकळा सोडण्याचा सल्ला तर या जिल्ह्यात घातकच. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला, त्यात बिबट्याच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व मोकाट कुत्र्यांचा आढळला. तेव्हा सशाच्या भीतीने रात्री अंगणात कुत्रा मोकळा ठेवणे म्हणजे लहान पाहुण्याला हाकलताना थोरल्याला बोलावणे होय.

फासे आणि विष यांचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकार या संज्ञेत मारण्याइतकेच पकडणे, फासात अडकवणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. हद्द स्वतःच्या मालकीची आहे, ही सबब चालत नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी 1980 साली अभयारण्य झाले, त्याचा विस्तार जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचा. म्हणजे या जिल्ह्यातील माळावरच्या पुष्कळशा जीवांना शेतांच्या आणि घरांच्या आसपासच राहावे लागते.

जाळी बांधून पुरी करण्याच्या दिवशी आतली झुडपे व गवत काठीने हलकेच चाळून एखादा ससा आत राहिला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. वाढलेले गवत कापण्यापूर्वीही तसेच. खळग्यात एकटे पिल्लू दिसले, तर ते पोरके समजून घरात आणू नये. सशाचे पिल्लू जन्मतःच डोळे उघडे व अंगावर लव घेऊन येते, आणि आई दिवसा त्याच्यापासून दूर राहून अंधार पडल्यावर पाजावयास येते. पिल्लू आतच सापडले, तर जाळीची एक बाजू काही दिवस उघडी ठेवावी आणि मग ती बांधून घ्यावी.