आवाज मोठा, तरी गाण्याचे शब्द कळत नाहीत. असं का होतं?

मैदानात ऑर्केस्ट्रा सुरू आहे. पुढच्या रांगेतले लोक कानांवर हात ठेवून बसलेत आणि मागचे 'ऐकू येत नाही' म्हणून ओरडतायत. अशा वेळी आयोजक साऊंडवाल्याला सांगतात, 'आवाज वाढव.' पण त्याने प्रश्न क्वचितच सुटतो. कारण अडचण बहुतेकदा आवाज कमी असण्याची नसून तो सगळीकडे सारखा न पोहोचण्याची असते.

अंतराचं गणित काय आहे?

मोकळ्या जागेत साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. ५ मीटरवर १०० डेसिबल असतील, तर ४० मीटरवर साधारण ८२ उरतात. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी वाढ होते जेमतेम ३ डेसिबलची, आणि तीही पुढच्यांच्या कानांवर आधी आदळते.

म्हणून स्पीकर जमिनीवर न ठेवता डोक्यांच्या वर, थोडे खाली झुकवून लावतात. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः 'स', 'च', 'ट' यांसारख्या व्यंजनांमुळे. त्यांच्यातल्या वरच्या पट्टीच्या लहरी गर्दीत लवकर शोषल्या जातात.

मागे जादा स्पीकर लावले तर?

उपयोग होतो, पण एक काळजी घ्यावी लागते. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर तारेतून सिग्नल जवळपास तत्काळ पोहोचतो. स्टेजपासून ३४ मीटरवर लावलेला स्पीकर मुख्य स्पीकरच्या सेकंदाचा दहावा भाग आधी वाजतो आणि तिथल्या श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तेवढाच उशीर मिक्सरमधून दिला की दोन्ही आवाज जुळतात.

माइक शिट्टी का मारतो?

स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो आणि हे चक्र सुरू राहतं. त्यामुळे मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला हवेत. गायकाने माइक तोंडाजवळ धरावा, त्याची जाळी मुठीत झाकू नये.

गायकाचा आवाज दबत असेल, तर तो वाढवण्याआधी कीबोर्ड, गिटार थोडे कमी करून पाहावेत.

आयोजकांनी काय पाहावं?

मिक्सर स्टेजच्या कडेला नव्हे, प्रेक्षकांमध्ये असावा. तिथे बसल्याशिवाय लोकांना काय ऐकू येतंय ते कळत नाही. साऊंड चेकच्या वेळी कोणीतरी शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन ऐकावं. प्रेक्षक आल्यावर आवाज बदलतो, म्हणून पहिल्या गाण्यानंतर पुन्हा ऐकावं.

ही तयारी वेळेत व्हायला हवी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. ठरावीक सण-उत्सवांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. साऊंड चेक लांबला, तर शेवटची गाणी गाळावी लागतात.